लोरेनची खुर्ची आणि क्लाइव्हची पेन्शन

घर विकायचं की नाही, यावर लोरेनचा जीव टांगणीला लागला होता. कारण घराच्या पुढच्या खोलीतच तिचं केस कापायचं दुकान होतं! खुर्ची, आरसा, बेसिन आणि रॉचडेल गावभरच्या बायकांच्या गप्पा, सगळं तिथेच. घटस्फोट झाला तरी चालेल, पण ती खोली जाता कामा नये.

घर राखायचं तर नवऱ्याचा, क्लाइव्हचा, अर्धा हिस्सा त्याला द्यावा लागणार होता, ऐंशी हजार पौंडांचा. बँक मात्र साठ हजारांच्या वर कर्ज द्यायला तयार नव्हती.

क्लाइव्हने घटस्फोटासाठी भरलेल्या मालमत्तेच्या कागदात पेन्शनचा रकाना कोराच सोडला होता. मध्यस्थी करणाऱ्या हॅलिवेलबाईंनीच त्याला सरकारकडून किंमत मागवायला लावली होती. आज ती आली होती, आणि तिघं बाईंच्या ऑफिसात चहा घेत बसले होते.

"सरकारी पेन्शन सगळ्यांना सारखीच," क्लाइव्ह कुरकुरला. "तिची कसली किंमत काढता?"

"मूळची वाटता येत नाहीच," हॅलिवेलबाई म्हणाल्या. "पण तुमच्या बेकरीची स्वतःची पेन्शन नव्हती, म्हणून पगारातून सरकारकडे जास्तीचा हप्ता जायचा. त्याची जादा पेन्शन साठलीय. तिची किंमत चाळीस हजार."

क्लाइव्हच्या हातातलं बिस्किट चहात बुडालं ते बुडालंच.

"बघ, नकळत श्रीमंत झालास!" लोरेन म्हणाली.

"म्हणजे आता ती पण अर्धी नेणार तू?"

हक्क होता. म्हातारपणी दरमहा थोडे पैसे, वाईट काय? पण लोरेनच्या डोळ्यांपुढे बेसिन आलं.

"पेन्शन पूर्ण तुला ठेव," ती म्हणाली. "माझे त्यातले वीस हजार घराच्या हिशेबात वळते कर. तुला साठ देते."

"आणि ती पेन्शन हातात येईपर्यंत मी खाऊ काय?"

"साठ हजार, वेड्या! शिवाय तुझा पगार चालू आहेच की."

क्लाइव्ह बराच वेळ चमच्याने बिस्किटाचा लगदा ढवळत बसला. मग हसलाच. "बरं बाई. तसंही त्या घरात तुझ्या बेसिनपुढे माझं चालत होतं कुठे?"

कोर्टाची मोहोर अजून उमटायची होती. तरी लोरेनने फुटपाथवरूनच शेजारच्या शीलाला फोन लावला.

"मे महिन्यातल्या लग्नाला पोरीचे केस कोण करणार म्हणत होतीस ना? अगं, मीच! आमच्याच घरी ये!"