हरवलेली चारशे घनमीटर वाळू

माती कधी खोटं बोलत नाही. आमच्या सोर्सालाम्पी गावचा शंभर वर्षांचा इतिहास मी लिहिला, तेव्हा हे वाक्य पहिल्याच पानावर घातलं होतं, आणि छापून आल्यावर ते मला बरंही वाटलं होतं. माती खोटं बोलत नाही, कारण तिला कुणी काही विचारत नाही. आमच्याकडे माणसांचंही तसंच आहे.

बंद पडलेल्या लाकूडगिरणीची जमीन साफ करायला मागच्या मे महिन्यात लाहती शहरातून साइला नावाची इंजिनियर आली. कापलेल्या फळ्या बुरशीने निळ्या पडू नयेत म्हणून गिरणीत त्या औषधाच्या हौदात बुडवून काढत. फळ्या फिनलंडबाहेर पांढऱ्याशुभ्र पोचल्या. हौदाभोवतीची वाळू विषारी होऊन इथेच राहिली. ती खणून डंपरने न्यायची आणि तिच्या जागी चांगली माती भरायची, एवढंच काम.

शाळेच्या हॉलमध्ये साइलाने गावाला माहिती दिली. जुन्या नोंदींच्या हिशेबाने हजार घनमीटर वाळू निघायला हवी होती. निघाली सहाशे. उरलेल्या चारशेचं काय झालं, कुणाला ठाऊक आहे का, असं विचारून ती थांबली.

हॉलमध्ये साठ माणसं होती आणि वेलदोड्याच्या पावाचा वास सुटला होता. आमच्याकडे सभेतले प्रश्न संपले की कॉफी मिळते. त्यामुळे जो बोलायला उठतो, तो साठ माणसं आणि कॉफी यांच्या मध्ये उभा राहतो, आणि गाव ते पुढे कित्येक वर्षं लक्षात ठेवतं. तरी दुसऱ्या रांगेतून तौनोमामा उठला. माझ्या आईचा भाऊ, वय शहाऐंशी, एके काळचा हौदावरचा मुकादम. त्याने घसा साफ केला. मी ग्राममंडळाचा सेक्रेटरी. सभा मीच चालवत होतो.

"कॉफी तयार आहे," मी म्हणालो.

मामा खाली बसला.

मी काय थांबवलं ते मला नीट माहीत होतं. इतिहास लिहिताना ग्राममंडळाची बहात्तर सालची वही मीच वाचली होती. गिरणीने हौद मोठा करायला घेतला आणि खणलेली वाळू फुकट देऊ केली. मामाने गाव गोळा केलं. चौतीस माणसं, दोन ट्रॅक्टर, चार दिवसांचं श्रमदान, शेवटच्या दिवशी वाटाण्याचं सूप. तळ्याच्या चिखलाळ काठाला पिवळाधमक किनारा आला आणि त्यावर पाटी लागली : 'तौनोचा किनारा'. पुस्तकात मी श्रमदान ठेवलं, सूपही ठेवलं. वाळू कुठून आली ते वाक्य गाळलं. ओघात बसत नव्हतं.

त्या किनाऱ्यावर मी पोहायला शिकलो. हेल्वीमामी तिथे रोज सकाळी पोहायची, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून. उन्हाळ्यात पोहून झालं की तासन्‌तास वाळूत पडून राहायची. पुढे तिला रक्ताचा आजार झाला आणि एकाहत्तराव्या वर्षी ती गेली.

सभेनंतर गाडीत मामा म्हणाला, "त्या पोरीला सांगायला हवं रे."

मी म्हटलं, सांगू की, पण मुलांचे पोहण्याचे वर्ग तोंडावर आलेत, तेवढे होऊ देत.

"हेल्वीला मी म्हणायचो, अंग झाडून आत ये, घरभर वाळू करतेस." मग खिडकीबाहेर बघून म्हणाला, "तेवढंच म्हणायचो."

उन्हाळाभर तो विचारत राहिला आणि मी कारणं पुरवत राहिलो. जूनमध्ये वर्ग होते, जुलैत सगळं गाव रजेवर, ऑगस्टात रानात बेरी पिकल्या. सप्टेंबरात मामाने विचारणं सोडलं. बादली घेऊन किनाऱ्यावर गेला, वाळू भरली, आणि साइलाच्या पत्र्याच्या ऑफिसात नेऊन तिच्या टेबलावर ठेवली. मला कळलं ते तिचा फोन आल्यावर.

मी पोचलो तेव्हा दोघं कॉफी पीत होती, मध्ये बादली. साइला बाई चांगली. तिने सावकाश समजावलं की तिचं काम गिरणीच्या कुंपणापर्यंतच आहे. कुंपणाबाहेर गेलेली वाळू नगरपालिकेची. तिथे अर्ज करावा, मग यादीत नंबर लागेल, मग तपासणी. आणि ही बादली तिला ठेवून घेता येणार नाही. संशयित माती कागदपत्रांशिवाय आवारात घ्यायची मनाई आहे.

"नेताना तर कुणी कागद मागितला नव्हता," मामा म्हणाला.

मग ज्यासाठी तो आला होता ते त्याने विचारलं. "माझी बायको या वाळूने गेली का?"

साइलाने कप खाली ठेवला. एकेका माणसाबद्दल असं सांगता येत नाही, म्हणाली.

"मग 'नाही' असं तरी सांगता येतं का?"

"तेही नाही येत."

मामाने कॉफीबद्दल तिचे आभार मानले आणि बादली उचलली. गाडीत ती त्याने मांडीवर धरली होती. त्याची माफी मागावी असं मला फार वाटत होतं. घर यायला सात मिनिटं लागतात. मी हवामानाबद्दल बोललो.

त्याच आठवड्यात मामाने स्क्रूड्रायव्हर नेऊन स्वतःच्या नावाची पाटी उतरवली. मी अर्ज लिहिला. इतिहासात गाळलेलं वाक्य त्यात पहिलं घातलं. नगरपालिकेची दोन पत्रं एकाच दिवशी आली. मामाला : सार्वजनिक फलक विनापरवाना काढला आहे, तो परत लावावा. मला : अर्ज तपासणीच्या यादीत एक्केचाळिसावा आहे, निर्णय होईपर्यंत जागेचा सध्याचा वापर चालू ठेवण्यास हरकत नाही. मामाने पाटी लावली नाही.

गिरणीची जमीन आता साफ झाली आहे. आसपासच्या गावांत इतकी स्वच्छ माती दुसरीकडे नाही, असं साइलाच्या अहवालात लिहिलंय. जमिनीभोवती कुंपण आहे आणि गवत नीट धरेपर्यंत आत जायला बंदी आहे.

किनाऱ्यावर नगरपालिकेने नवी पाटी लावली. मुलांचे पोहण्याचे वर्ग नऊ जूनपासून तिथेच आहेत. टॉवेल ज्याचा त्याने आणायचा.