दुर्बीण हनीफकडं व्हती

खोट्याला पाय नसतात म्हणतात. सावळारामचं खोटं मात्र चांगलं चावंडगड उतरून जुन्नरच्या पेठेत आलं आणि वर्षभर गावात उजळ माथ्यानं हिंडलं. खोटं तरी केवढं? तीन शब्दांचं. "दुर्बीण हनीफकडं व्हती."

त्याचं असं झालं. जुन्नरात तेव्हा डोंगर मंडळ नावाचं एक वेड शिरलं होतं. ते लावलं हवालदार सोमाजींनी. इटलीच्या लढाईतून हा माणूस परत आला तो एक पितळी दुर्बीण आणि पोतंभर शिस्त घेऊन. दर रविवारी पेठेतले आठ-नऊ तरणे गडी गोळा करायचे आणि हडसर, जीवधन, चावंड पालथे घालायचे. लोक हसायचे. "खायला काळ अन् भुईला भार, म्हणून डोंगर तुडवत्यात," असं सावळारामच्या चुलत्यानं त्याला तोंडावर ऐकवलं होतं. सावळाराम बियाण्याच्या दुकानात कामाला होता, पण त्याचं सगळं लक्ष रविवारकडे असायचं.

हवालदारांचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गड उतरण्याआधी ते दरवाजात उभे राहून एकेकाचं नाव पुकारायचे. सगळ्यांचा 'हजर' आल्याशिवाय कुणी पाऊल खाली टाकायचं नाही, मग पाऊस येवो की दिवस बुडो. दुसरा नियम दुर्बिणीचा. वर पोचल्यावर ती सगळ्यांनी हाताळावी, पण ज्याच्या हातून ती हरवली त्यानं पुन्हा मंडळाचं तोंड बघू नये.

मागच्या वर्षी पितृपंधरवड्यातल्या रविवारी मंडळ चावंडला गेलं. या दिवसांत गडावर जाऊ नये, असं घरोघरच्या म्हाताऱ्या सांगत होत्या. त्यांचं कोण ऐकतो! दुपारनंतर धुकं आलं आणि हवालदारांनी उतरायचं ठरवलं. दरवाजाजवळ आल्यावर सावळारामनं गळा चाचपला. वरच्या टाक्यावर पाणी पिताना त्यानं दुर्बीण काठावर ठेवली होती, ती तिथंच राहिली होती.

त्याचा उतरलेला चेहरा एकट्या हनीफनं ओळखला. महंमद हनीफचं पेठेत कल्हईचं दुकान होतं. दोघं पहिलीपासून एका पाटीवरचे. "तुझे पाय म्हशीचे," हनीफ हळूच म्हणाला, "तू जाशील तवर हवालदार आपली चामडी लोळवतील. मी पळत जाऊन आणतो. त्यांनी पुकारलंच तर माझा हजर तू दे." एवढं बोलून तो धुक्यात गेला.

नावं पुकारली गेली. हातभर अंतरावरचा माणूस दिसत नव्हता. "महंमद हनीफ!" असं आलं तेव्हा सावळारामनं मान वळवून, आवाज जरा चिरका करून "हजर" दिला. दिला तेव्हा त्याला हसूसुद्धा आलं होतं. ते हसू पुढं त्याला जन्मभर पुरलं.

हनीफ येईपर्यंत रेंगाळू असं त्याच्या मनात होतं, पण हवालदारांनी त्याला दोराजवळ पुढं बोलावलं. आता खरं सांगावं तर हजर खोटा पडतो. सावळाराम दोर धरून उतरायला लागला. इंग्रजांनी सुरुंग लावून फोडलेल्या पायऱ्या उतरायला तास गेला. खाली मोजलं तर एक कमी.

हनीफ दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, दरवाजाच्या डाव्या अंगाला, कड्याखाली. माणसांचे आवाज लांब जाताना ऐकून तो आवाजाच्या रोखानं सरळ पळत आला असणार. दुर्बीण गळ्यात होती. मंडळ दरवाजातच थांबलं असतं तर हनीफ दोन शिव्या खाऊन घरी आला असता. हे एका सावळारामला कळत होतं.

हवालदारांनी विचारलं, "दुर्बीण कुणाकडं व्हती?" आणि सावळाराम ते तीन शब्द बोलून गेला. पुढचं हवालदारांनी आपल्याच मनानं जुळवलं. पोरगा हजर देऊन मागं फिरला, न विचारता दुर्बीण घेऊन कड्यावर बघत राहिला आणि गेला. डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी बिबिजानला, हनीफच्या आईला, हेच सांगितलं. नवरा आधीच गेलेला, हा एकुलता एक. तिनं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

वर्षभर सावळाराम हनीफच्या मोहल्ल्याच्या वाटेला गेला नाही. एकदा बाजारात बिबिजान समोर आली. "माझा पोरगा गेला, म्हनून तूबी गेलास का रे?" असं तिनं विचारलं. तो दुकानात काम आहे म्हणाला आणि सटकला. त्याला स्वतःची किळस आली, पण किळस येऊन जीभ सुटत नाही.

वर्षानं हवालदारांनी मंडळ पुन्हा उभं केलं. चार नवे गडी आले. त्यांना लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर चढ-उतार शिकवताना हवालदार म्हणाले, "आपल्याच मनानं कुठं जायचं न्हाई. न्हाईतर हनीफसारखं व्हतंय."

"हनीफ कोण?" एकानं विचारलं.

"व्हता एक. चांगला व्हता, पर सांगितलेलं ऐकत न्हवता."

सावळारामला वाटलं, हे आता दरवर्षी सांगितलं जाणार. आपण म्हातारे होऊ, मरू, आणि हनीफ जुन्नरात न ऐकणारा म्हणूनच राहील. तो मध्येच उभा राहिला आणि सगळ्यांसमोर सगळं बोलला. टाकं, दुर्बीण, हजर, काही ठेवलं नाही.

हवालदारांनी हात उगारला नाही. ते पायरीवर बसले. "मी त्या माउलीला काय सांगून आलो रे!" एवढंच ते बराच वेळ म्हणत राहिले. मग म्हणाले, "मीबी जाईन, माझं तोंड दाखवायला. पर आधी तू जा. एकटा जा."

तो तसाच निघाला. बिबिजान ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं बस म्हटलं, पण तो बसला नाही. उभ्यानं त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. तिचा हात आधी सुपात फिरत होता, मग थांबला.

"म्हंजे तो सांगून गेला व्हता," ती म्हणाली.

"मला सांगून गेला व्हता, चाची."

"दुर्बीण?"

"त्यानं न्हाई उचलली. मी इसरलो व्हतो. माझ्यासाठी आणायला गेला."

सावळाराम शिव्यांची वाट बघत राहिला. त्याला त्या हव्या होत्या. तिनं चपलेनं मारलं असतं तर तो तिच्या पायांवर पडून रडला असता. ती मात्र त्याच्याकडे बघतच नव्हती.

"शबे-बरातला मी गेलेल्यांसाठी हलवा केला," ती म्हणाली. "त्याच्या बापाच्या नावानं फातिया दिला, सासू-सासऱ्यांच्या नावानं दिला. त्याच्या नावानं न्हाई दिला. मी रुसले व्हते त्याच्यावर. म्हनलं, न इचारता गेलास, आता न इचारता ऱ्हा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "साल झालं, बेटा. मी माझ्या मेलेल्या लेकराशी बोलत न्हाई."

सावळाराम तिच्या सुपाजवळ खाली बसला. आपल्यामुळे हनीफ मेला, हे तो वर्षभर उराशी धरून होता. मेल्यावरही आपण त्याची आई तोडली, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. "मला काय बी बोला, चाची," तो रडत म्हणाला.

"तुला काय बोलू? व्हता तेवढा राग त्याच्यावरच सरला. सगळा." ती उठली. आतून अत्तराची कुपी आणि मूठभर मोगऱ्याची फुलं घेऊन आली. ती तिनं त्याच्या ओंजळीत ठेवली. "आमच्यात बाया कबरस्तानात जात न्हाईत. तू जा. त्याला सांग, तुझी अम्मा चुकली म्हनावं. आज सांज व्हायच्या आत सांग. तुझं काय असंल ते मागनं बोल."

कबरस्तानाच्या फाटकाशी त्यानं चपला काढल्या. हनीफच्या मातीवर पावसानंतरचं गवत वाढलं होतं. त्यानं फुलं ठेवली, अत्तर शिंपडलं आणि तो मोठ्यानं म्हणाला, "हनीफ, तुझी अम्मा म्हणते, तिचं चुकलं. तिला माफ कर." मग आपलं बोलायला त्यानं तोंड उघडलं. ऊन उतरलं, चिंचेची सावली भिंतीपर्यंत गेली, तरी त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

तो परतला तेव्हा बिबिजान दारातच उभी होती.

"सांगितलंस?"

"तुमचं सांगितलं," सावळाराम म्हणाला.