ओढ्याकाठच्या खुणा

कृषी खात्याच्या अधिकाऱ्याने गुडघे टेकून पहिल्या काठीभोवतीची माती बोटांनी उकरली. काठीचं लाल फडकं जागच्या जागी होतं, पण भोवतीच्या हातभर घेरात गाजरगवताचं एक रोपही उरलं नव्हतं. तो उठून दुसऱ्या काठीपाशी गेला. तिथेही तेच. अशा बारा काठ्या होत्या.

शेताची मालकीण बांधावर उभी होती. बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या.

"इथलं गवत कुणी काढलं, काकू?"

"गुरं शिरली असतील."

"गुरं गाजरगवताला तोंड लावत नाहीत."

"भुकेली लावतात. आणि साहेब, गवत घालवायचंच ना तुमच्या खात्याला? मग गेलं तर गेलं."

आठवड्यापूर्वी त्याने काठ्या रोवल्या, त्याच संध्याकाळी तिचा दीर येऊन गेला होता. "आधी खुणा येतात वहिनी, मागून मोजणी येते," तो म्हणाला होता. "कालव्यात माझं शेत गेलं, तेव्हा अशीच फडकी लागली होती. खुणेपाशी गवतच नसलं तर यायला निमित्त काय उरतं त्यांना?" वाटणीनंतर तिच्याकडे ही एवढीच पट्टी राहिली होती. दुसऱ्या दिवशी तिने बाराही ठिकाणचं गवत मुळासकट उपटून जाळलं. काठ्यांना मात्र हात लावला नाही. सरकारी वस्तू, उगाच बालंट नको.

अधिकाऱ्याने पिशवीतून एक रिकामा डबा काढला. झाकणाला बारीक भोकं होती.

"प्रत्येक काठीपाशी पन्नास भुंगेरे सोडले होते. या गवतावाचून ते दुसरं काही खात नाहीत. पानांखाली अंडी घालायला लागले असते एव्हाना. एवढे वाढवायला प्रयोगशाळेत वर्ष गेलं."

तिने पट्टीवर नजर फिरवली. ती बारा टकलं सोडली तर ओढ्यापर्यंत पांढरी फुलं कमरेइतकी माजली होती. गेल्या वर्षी इथे तिला पेरताही आलं नव्हतं.

"मला सांगितलं का नाही?"

"शेतात किडे सोडतोय म्हटलं असतं, तर केली असती संमतीपत्रावर सही?"

नकळत तिने हात खाजवला आणि बाही वर सरकली. कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं होतं. अधिकाऱ्याने ते पाहिलं.

"गुरांनी निदान हातमोजे तरी घालायचे," तो म्हणाला.

तिने बाही खाली ओढली नाही.

"पुन्हा आणता येतील?"

"एक खेप मिळेल. नवं संमतीपत्र लागेल."

तिने कागद दोन्ही बाजूंनी वाचला. मोजणी हा शब्द कुठे आहे का, ते बोट फिरवून पाहिलं. मग सही केली आणि सहीखाली लिहिलं, 'डब्यात काय आहे ते सोडण्याआधी दाखवावे.'

अधिकाऱ्याने ओळ वाचली, पेन मागून घेतलं आणि तिच्याखाली लिहिलं, 'गवत उपटण्याआधी विचारावे.' त्यानेही सही केली.

"याची एक प्रत मला हवी."

"कार्यालयातून पाठवतो."

"आत्ता."

तो बांधावर बसला, मांडीवर कोरा कागद ठेवून उतरवू लागला. ती त्याच्या मागे उभी राहिली आणि मूळ कागद हातात धरून शब्दन् शब्द ताडून पाहू लागली.