साहेबांनी फुली मारली

अक्षर न् अक्षर खरं सांगते. उरलेल्या दातांची शपथ. आणि आता उरलेत इतके थोडे, की त्यांची खोटी शपथ मला परवडायची नाही. मध्ये जो हसेल, त्याने उठून मला पाणी आणून द्यायचं.

तुमचे आजोबा खिळ्यांच्या कारखान्यात मशीनवर होते. मीही तिथेच, खिळे डब्यांत भरायला. इकडून तार आत शिरायची, तिकडून खिळे पडायचे, आणि मधे जो काही दणदणाट! चहात साखर घातली की चमचा लागायचा नाही. कप मशीनवर टेकवायचा, साखर आपोआप विरघळायची. कारखान्यात एक मांजर होतं, ते तर म्याव करायचं विसरूनच गेलं होतं. नुसतं तोंड उघडायचं, मिटायचं. झालं त्याचं बोलून.

काय हसतेस गं? जा, पाणी आण.

आम्हीही त्या मांजरासारखेच. सगळं बोलणं हातांनी. चहा आला, साहेब आले, साहेब टळले, सगळ्याच्या खुणा. त्यातली एक खूण मात्र फार कडक. दोन्ही मनगटं डोक्यावर नेऊन फुली मारायची. म्हणजे कुणाचा तरी हात मशीनमध्ये सापडलाय. ज्याला फुली दिसेल त्याने आधी आपलं मशीन बंद करायचं, मग आपणही फुली मारायची. बघता बघता अख्खा कारखाना गप्प. ती खूण गमतीत केलेली कुणी खपवून घेत नसे.

आजोबा घरीसुद्धा त्याच आवाजात बोलायचे. "मीठ दे गं" म्हणाले, की शेजारीण वाटी घेऊन दारात. सगळे त्यांना भोंगाच म्हणायचे.

तर या भोंग्याचं बीपी वाढलं. डोकं जड, छातीत धडधड. कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी करा, तापटपणा कमी करा. पुढच्या तपासणीतही असंच निघालं, तर मशीनवर ठेवता येणार नाही. घरी बसावं लागेल."

घरी बसायचं! ते कारखान्यातून बाहेर पडले की पगार बंद, आणि मुलं शाळेतून बाहेर. आणि दुखणं राहिलंच आतल्या आत. मी मीठ कमी केलं. इतकं कमी, की आजोबा ताटाकडे बघून मलाच विचारायचे, "कोण आजारी आहे?"

तेवढ्यात माझ्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. आम्ही आठवडाभर तिकडे. आजोबांनी मिठाचा सगळा उपास तिथे फेडला. माझ्या तिन्ही भावांशी एकेक करून भांडले, चौथा नव्हता म्हणून थांबले. परत आलो तर आमच्या गल्लीत राहणारी नर्स दारातच भेटली. ती कारखान्यातच कामाला होती. म्हणाली, "या दाजी, बघते तरी काय दिवे लावून आलात." मोजलं, आणि पुन्हा मोजलं.

"ताई," ती म्हणाली, "हे तर चांगलं आहे!"

माझं तेव्हाच डोकं चाललं. मीठ पोटभर, भांडण मनसोक्त, आणि बीपी खाली. मग तिकडे नव्हतं काय? एक मशीनच तर नव्हतं!

डॉक्टरांना सांगितलं, तर ते हसले. "आजी," म्हणाले, "आवाज कानाला लागतो, हृदयाला नाही." मला आजी! तेव्हा माझा एक केस पांढरा नव्हता.

मी नर्सला गाठलं. "यांची तपासणी तुझ्या त्या शांत खोलीत नको. मशीनपाशी येऊन कर."

"साहेब ओरडतील, ताई."

"ओरडू देत. तिथे ऐकू येणारे का?"

आली बिचारी. आजोबांच्या दंडाला पट्टा बांधला, नळी कानात घातली. ऐकतेय, ऐकतेय, आणि मान हलवली. पुन्हा हवा भरली, पुन्हा मान हलवली. तिला काही म्हणजे काही ऐकू येईना. आमचे साहेब वर काचेच्या केबिनमध्ये बसत, तिथे आवाज पोचत नसे. ते काचेआडून हात झटकायला लागले, निघा, निघा. नर्स पट्टा सोडायला लागली.

आता पट्टा सुटला, की ही शांत खोलीत जाणार, आकडा लिहिणार, दोष पुन्हा मिठालाच, आणि हे घरी. मी दोन्ही मनगटं डोक्यावर नेली.

फुली.

पटापट मशीनं थांबली. इतकी शांतता झाली, की कुणाच्या तरी हातातला एक खिळा पडला तो सगळ्यांना ऐकू आला. साहेब धडाधडा जिना उतरून आले.

"कुणाचा हात सापडलाय?"

"हात नाही साहेब, काळीज सापडलंय," मी म्हणाले. "हिला तिचं काम करू द्या."

आमचा फिटर माझ्यावर खेकसला, "वहिनी, ही खूण खोटी करतात का?"

"खोटी आहे की खरी, ते आत्ता कळेल."

नर्सने तिथल्या तिथे मोजलं. आजोबांचं चढलेलं. मग त्या खेकसणाऱ्या फिटरचंच मोजलं, त्याचंही चढलेलं. त्याने स्वतःहून पुढच्याला ओढून आणलं. बऱ्याच जणांचं तसंच निघालं.

"हे सगळेच मीठ खातात," साहेब म्हणाले.

"मग तुमचंही मोजू," मी म्हणाले. "आता एकदा, आणि मशीनपाशी उभं राहिल्यावर एकदा."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? पहिल्यांदा त्यांचं छान निघालं, तेव्हा ऐटीत मिशीवरून हात फिरवला. मग आजोबांनी मशीनं सुरू करायची खूण केली. साहेब उभे. मिशी थरथरली. मग कपाळावर घाम. मग दोन्ही कानांवर हात. आजोबा त्यांच्याकडे बघून हसत होते, आम्ही सगळे रोज इथेच उभे असतो, अशा अर्थाने. आणि मग, उरलेल्या दातांची शपथ, साहेबांचीच दोन्ही मनगटं डोक्यावर गेली.

फुली!

कारखाना थांबला तो ती फुली बघून. नर्सने मोजलं. तिने आकडा सांगायची गरजच पडली नाही, साहेब खाली तारेच्या वेटोळ्यावर बसलेच होते. आणि आमच्या लोकांनी जी आरोळी ठोकली, ती मशीनं चालू असती तरी ऐकू गेली असती!

त्या दिवशी मशीनं पुन्हा सुरू झालीच नाहीत. साहेबांनी आवाज कमी करायचं कबूल केल्याशिवाय कुणी हातच लावेना. मग मशीनांना जाड खोकी बसली, पायांखाली रबर आलं, प्रत्येकाला कानावर घालायला झाकणं मिळाली, आणि दणदणाटात पाळीपाळीने उभं राहायचं ठरलं. आजोबांना गोळ्या होत्याच, पण पुढल्या तपासणीला आकडा उतरला, त्याच्या पुढल्याला अजून उतरला. डॉक्टर म्हणाले, "मशीनवर राहायला हरकत नाही." वर मला म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर होतं." ताई!

आजोबांचा आवाजही खाली आला. भोंगा हे नाव गेलं. एकदा जेवताना हळूच म्हणाले, "मीठ दे गं." शेजारीण आलीच नाही. मलाच उठावं लागलं.

बरं, आता दातांची शपथ आहे म्हणून सांगून टाकते. ते मांजर नव्हतं. त्या आवाजात मांजर कशाला राहतंय? पण चहाचं खरं आहे हं.