लॉनवरची संकष्टी

कलावतीबाईंच्या देवांना गेल्या वर्षभरात जो शेजार लाभला होता, तो वैऱ्याच्या देवांनाही लाभू नये. उजवीकडे फुगे भरायचा पंप, डावीकडे गुंडाळून ठेवलेलं प्लास्टिकचं हिरवं गवत, आणि पुढ्यात सोनेरी पत्र्याचे दोन मोर. सकाळी पूजेला बसलं की आधी मोर सरकवायचे, मग कुठे गणपतीबाप्पा दिसायचे. एकदा तर निरांजन ओवाळताना एका फुग्याला ज्योत लागली आणि असा काही बार उडाला, की खालच्या मजल्यावरच्या सरोजताई जिने चढून धापा टाकत दारात.

"काही नाही हो, आरती चाललीय," कलावतीबाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि हे खोटंही नव्हतं.

हे सगळं वैभव सूनबाईंचं. संचिता ठाण्याला एका ऑफिसात होती. तिथल्या मैत्रिणींच्या मुलांचे वाढदिवस हौसेने सजवून देता देता तिला त्याचीच गोडी लागली, आणि एके दिवशी ती राजीनामा देऊन पेढे घेऊन घरी आली. आता डोहाळजेवण म्हणा, बारसं म्हणा, साखरपुडा म्हणा, ती सजवणार. काम जीव ओतून करायची, त्याबद्दल सासूबाईंची तक्रार नव्हती. तक्रार एवढीच, की डोंबिवलीच्या त्या आटोपशीर घरात देवाची खोली आणि सुनेचं गोदाम या दोन गोष्टी एकाच चार भिंतींत नांदत होत्या, आणि रोज थोडं थोडं करून देव मागे सरकत होते.

"आई, एक गाळा मिळू दे फक्त. सगळं उचलते बघा," संचिता म्हणायची.

गाळा दृष्टिपथात होता. ठाकुर्लीला, रंगूबाईंचा. कुलूप लावून नुसता पडून होता. रंगूबाई कुणालाही भाड्याने देत नसत, कारण जो भाडेकरू येई त्याच्यात त्यांना काहीतरी खोट दिसे. पण त्यांचे धाकटे भाऊ रवींद्रराव यांच्या साठाव्या वाढदिवसाचं काम संचिताला मिळालं, आणि रंगूबाईंनी निरोप धाडला, "आधी माझ्या भावाचं कसं करतेस ते बघते. मग गाळ्याचं बोलू."

त्या दिवसापासून कलावतीबाईंनी जपाची एक माळ वाढवली. बाप्पाला त्यांनी हळूच सांगून टाकलं, "मोकळी जागा तुलाच हवीय. तेव्हा काय ते तूच बघ."

आणि मग त्यांनी कालनिर्णयाचं पान उलटलं.

"अगं संचिता, त्या शनिवारी संकष्टी आहे."

"माहितीय आई. पण लॉन त्याच दिवशी मोकळं मिळतंय. आणि मी उपवासाचं वेगळं काऊंटर लावणारे ना! वडे, रताळ्याच्या चकत्या, चंद्रोदयानंतर मोदक."

"वेगळं काऊंटर," कलावतीबाईंनी मान हलवली. "बरं."

त्यांचं 'बरं' इतकं हळू असायचं की त्यात होकार आहे की काळजी, हे घरात कुणालाच कधी कळलं नव्हतं.

संचिताची थीम होती चांदणरात. त्यासाठी तिने एक चंद्र करून घेतला होता. दोन पराती जोडल्याएवढा, दुधी कागदाचा, आत दिवा, अंगावर हलकेसे डाग. सगळे दिवे मंद करायचे, आणि आंब्याच्या झाडाआडून दोरीने तो सावकाश वर चढवायचा, की मग केक. सुशांतने, म्हणजे कलावतीबाईंच्या चिरंजीवांनी, तो बघून मोठाच श्वास सोडला.

"आई, मजा आहे. आज तुझे बाप्पा आणि हिची थीम, दोघंही चंद्राच्याच भरवशावर."

"चेष्टा करू नकोस. दोरी नीट बांध," कलावतीबाई म्हणाल्या.

मानपाड्याचं ते लॉन संध्याकाळी खरोखर बघण्यासारखं झालं होतं. सायीच्या रंगाचे पडदे, निशिगंधाचे झुबके, जागोजागी काचेचे कंदील. कलावतीबाईंना संचिताने आंब्याखाली खुर्ची देऊन मोगऱ्याचे गजरे ओवायला बसवलं होतं. त्या गजरे ओवत होत्या आणि मनात अथर्वशीर्ष म्हणत होत्या. त्यांचा उपवास नेहमीसारखाच, दिवसभरात पाणी आणि एक केळं.

रंगूबाई आल्या त्या भरजरी इरकल नेसून. हातात काठी, पण ती टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, उजव्यात पिकायच्या बेतात. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून किती दिवाळ्या झाल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी काठी रोखली ती पितळी हंड्यात खोवलेल्या तुऱ्यांच्या सुकल्या गवताकडे.

"ही केरसुणी इथे कुणी उभी करून ठेवली?"

"मावशी, ते डेकोरेशन आहे," संचिता गोड हसत म्हणाली.

"असू दे. लक्ष्मीच असते ती. पण आल्या पावण्याला पहिली केरसुणी दाखवतात का गं?"

संचिताने तो हंडा मुकाट्याने पडद्याआड नेला. कलावतीबाईंनी मनातल्या मनात गाळ्याचं उघडू लागलेलं दार एक बोटभर परत लोटलं गेलेलं पाहिलं. आतल्या बाजूने.

पुढे तर बोलायची सोयच राहिली नाही. उपवासाच्या काऊंटरवर संचिताने सोनेरी अक्षरात सुरेख पाटी लावली होती, आणि त्या पाटीनेच घात केला. ज्यांचा उपवास होता, त्या बायका रितीने आधी रवींद्ररावांना ओवाळायला गेल्या. ज्यांचा नव्हता, ते तेवढ्यात वड्यांवर तुटून पडले. पलीकडच्या लांबलचक टेबलावर संचिताने चीजचे तुकडे, काळी फळं आणि कसले कसले बिस्किटांचे मनोरे रचले होते, तिकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. रंगूबाई काऊंटरपाशी पोचल्या तेव्हा थाळीत हिरव्या मिरचीची देठं होती.

शेजारी एक गृहस्थ भरल्या तोंडाने उभे होते.

"तुमचा उपवास का?" रंगूबाईंनी विचारलं.

"छे हो! माझं काही नसतं तसलं. पण वडे काय झालेत!"

रंगूबाईंनी काठी जमिनीवर आपटली. "रवींद्र, तुझ्या पार्टीत उपवास न करणाऱ्यांची फार चांगली सोय आहे रे."

रवींद्रराव कसंनुसं हसले. संचिता केटररच्या माणसांना साबुदाणा आणखी आहे का विचारायला धावली. साबुदाणा नव्हता. मोदक होते, पण ते चंद्रोदयानंतरचे. आणि रंगूबाईंचा नेम कडक होता. घड्याळात वेळ झाली म्हणून त्या कधी उपवास सोडत नसत, चंद्र डोळ्यांनी दिसला पाहिजे. त्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीत जाऊन बसल्या, आणि आभाळाकडे असं बघू लागल्या जसं घरमालकिणीने भाडं थकवणाऱ्याच्या दाराकडे बघावं.

चंद्रोदयाला अजून चांगला अर्धा-पाऊण तास होता. एवढ्यात लॉनवरचे दिवे मंद झाले. स्पीकरवर संथ संगीत सुरू झालं. आणि आंब्याच्या काळ्या फांद्यांमागून, सावकाश, मोठ्या ऐटीत, चंद्र वर आला.

सगळ्यांच्या तोंडून 'वाऽ' निघालं. संचिताने दोरीची गाठ मारली आणि ओढणीने डोळे टिपले.

"आला गं बाई!" रंगूबाई ताडकन उठल्या. "पाणी आणा. अक्षता आणा. दूर्वा आहेत का कुणाकडे?"

दूर्वा निघाल्या. अशा वेळी कुणा ना कुणाच्या पर्समधून दूर्वा निघतातच. रंगूबाईंनी तांब्यातून अर्घ्य सोडलं, डोळे मिटले, हात जोडले. त्यांच्यासारख्या वडीलधाऱ्या बाईने हात जोडल्यावर मागच्या चारपाच जणींनीही वर न बघताच जोडले. केटररची माणसं मोदकांचं ताट घेऊन धावली.

आंब्याखाली कलावतीबाईंच्या हातातली सुई थांबली.

आता काय करावं? गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? रंगूबाई तृप्त होणार, संचिताचं कौतुक होणार, गाळ्याचं दार उघडणार, आणि देवांपुढून मोर जाणार. बोललं, तर चारचौघांत त्या बाईची फजिती, आणि गाळा गेलाच म्हणून समजा. पण भुकेल्या पोटी धरलेला आख्ख्या दिवसाचा नेम, कागदाच्या चंद्राला बघून सुटणार? आणि तोही आपल्याच घरच्या? 'बाप्पा,' त्यांनी मनात म्हटलं, 'जागा तुझ्यासाठीच मागत होते रे मी.'

त्या लगबगीने पुढे गेल्या. "रंगूताई, थांबा. तो चंद्र नाही."

संगीत चालू होतं. रंगूबाईंचं स्तोत्र चालू होतं.

"रंगूताई, अहो, तो आपला दिवा आहे."

कुणी वळूनही बघितलं नाही. कलावतीबाईंचा आवाज स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत पोचायचा, त्यापुढे त्याला कधी जावंच लागलं नव्हतं. रंगूबाईंनी मोदक उचलला. कळीचं टोक मोडून बाप्पासाठी बाजूला ठेवलं. उरलेला मोदक ओठांपर्यंत आला.

कलावतीबाई वळल्या, पदर खोचून आंब्याच्या बुंध्याशी गेल्या, आणि तिथल्या बोर्डातला जाडसा काळा प्लग धरून त्यांनी ओढला.

चंद्र विझला.

त्याच बोर्डावर स्पीकरही होता. तोही गप्प झाला. पन्नास-साठ माणसं आपापल्या झगमगत्या कपड्यांत अंधुक उजेडात उभी, आणि त्या शांततेत रंगूबाईंचा आवाज,

"ग्रहण लागलं काय गं?"

"आई!" संचिता धावत आली. "अहो, तुम्ही? तुम्ही काढलात प्लग?"

कलावतीबाईंच्या हातात प्लग होता, नाही म्हणायची सोय नव्हती. पण आता एवढी शांतता होती की त्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदाच शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"रंगूताई, तो चंद्र माझ्या सुनेचा होता. बाप्पाचा अजून उगवायचाय."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. रंगूबाईंनी मोदकाकडे बघितलं. मग काळ्या पडलेल्या त्या कागदी गोळ्याकडे, डोळे बारीक करून. मग मोदक ताटात परत ठेवला.

"हात जोडले तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले. दोनदा बोलले."

"मलाही वाटलंच होतं," रंगूबाई सावकाश म्हणाल्या, "चतुर्थीचा चंद्र कडेला जरा चेपलेला असतो. हा एवढा गोल कसा? पण भूक लागली की माणूस फार चौकशी करत नाही." त्यांनी काठी उचलली. "बरं, मग बाप्पाचा कुठेय?"

बाप्पाचा चंद्र पूर्वेला उगवणार होता, आणि लॉनच्या पूर्वेला कुणा बिल्डरने अर्धवट बांधलेला उंच टॉवर उभा होता. तिथून दर्शन म्हणजे मध्यरात्रच. सुशांत सगळीकडे फिरून आला आणि म्हणाला, "पार्किंगमधून दिसेल बहुतेक. दोन बिल्डिंगच्या मधून थोडी फट आहे."

रंगूबाई निघाल्या. त्यांच्यामागे उपवासाच्या बायका. बायकांमागे त्यांचे नवरे. केकपाशी एकटंच राहायला नको म्हणून रवींद्ररावही निघाले, हातात सुरी तशीच. बघता बघता आख्खं लॉन रिकामं झालं. सायीच्या पडद्यांमध्ये संचिता एकटी उभी, आणि तिच्यापुढे प्लग घेऊन कलावतीबाई.

"रागावलीस?"

"आई, मी महिनाभर..." संचिताने विझलेल्या चंद्राकडे हात केला. मग तिने पार्किंगकडे बघितलं. तिथे सगळे मोटारींना टेकून, काळोखात माना वर करून उभे होते. आणि ती अचानक कामाला लागली. "सुशांत, कंदील सोडव! सगळे आण. आई, ते गजरे घ्या."

कंदील स्कूटरच्या आरशांना लटकले. गजरे हँडलांना गुंडाळले गेले. कुणाच्या तरी पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर सायीचा पडदा पसरून केक मांडला गेला. आणि तेवढ्यात त्या फटीतल्या पाण्याच्या टाकीमागून, तांबूस, कडेला जरासा चेपलेला, खरा आला.

"आता हा कुणाचा?" रंगूबाईंनी विचारलं.

"बाप्पाचा," कलावतीबाई म्हणाल्या.

"खात्री?"

"प्लग नाहीये त्याला."

या वेळी रंगूबाईच आधी हसल्या. अर्घ्य पुन्हा दिलं गेलं, मोदक वाटले गेले, रवींद्ररावांनी बॉनेटवर केक कापला. चीजचे ते मनोरेही कुणीतरी उचलून आणले, आणि भुकेल्या पोटी सगळ्यांना ते एकदम आवडले.

रंगूबाईंनी तिसरा मोदक संपवून हात पुसला आणि संचिताला जवळ बोलावलं.

"माझ्या वयाची बाई फसावी असा चंद्र केलास, म्हणजे हात चांगला आहे. पार्किंगमध्ये कार्य उभं केलंस, म्हणजे डोकंही आहे. गाळा घे. पण दर संकष्टीला तुझी सासू माझ्याकडे आली पाहिजे. हिच्याशिवाय आता मी चंद्रावर विश्वास ठेवायची नाही."

संचिता खाली वाकून त्यांच्या पाया पडली. सुशांत खूश होऊन म्हणाला, "बेस्ट! मग उद्या-परवा घरचं सामान आवरून हळूहळू हलवू."

कलावतीबाईंनी मोदकाचा घास नीट गिळला.

"उद्या कशाला? हे सगळं घेऊन टेम्पो परत जाणारच आहे ना? यातलं काही घरी आणूच नकोस. थेट ठाकुर्लीला ने. आणि टेम्पो रिकामा झाला की घरी येऊन मोरही घेऊन जा." मग त्या रंगूबाईंकडे वळल्या. "रंगूताई, किल्ली जवळ आहे?"

रंगूबाईंनी कमरेचा जुडगा चाचपला आणि भावाकडे बघून म्हणाल्या,

"आणि ही बाई म्हणे हळू बोलते!"