रोवलेलं फावडं

विमानातून पत्रकं पडली तेव्हा जर्मनांच्या ताब्यातल्या बेटावरच्या झाउटडाम गावची निम्मी माणसं बिटाच्या शेतात होती. पोरांच्या आधी बायकांनीच ती गोळा केली, कारण युद्धाच्या पाचव्या वर्षी चूल पेटवायलाही कागद मिळत नव्हता. मजकूर थोडका होता. नदीच्या मुखावरची बेटं लवकरच बाँबच्या माऱ्यात येणार आहेत, पुराचाही धोका आहे, लोकांनी ताबडतोब निघून जावं. खाली दोस्त सेनेचं नाव.

गाव हसलं. पूर, आणि झाउटडामला? समुद्र आणि गाव यांच्यामध्ये उभा असलेला बांध चर्चच्या छपराइतका उंच होता आणि गावातला एकूण एक पुरुष बापजाद्यांपासून त्याच बांधावर राबत आलेला. दगड बसवायचे, खुंट ठोकायचे, चिकणमाती भरायची, वादळ झालं की पुन्हा तेच. समुद्र आपल्या दावणीला बांधलेला आहे असं मानणारी ही माणसं. त्यांना कागदाने कोण घाबरवणार?

एकटा क्राइन मिंडरहाउट हसला नाही. तो बांधाचा मुकादम. पत्रक खिशात घालून तो तडक लीव्हनच्या घरी गेला. लीव्हन त्याच्या हाताखालचा पहिला माणूस आणि त्याचा व्याही. व्याह्यांचं नातं मुळातच अवघड, त्यात लीव्हनचा वीस वर्षं मुकादमकीवर डोळा. क्राइनची एकुलती एक मुलगी डीना या घरात दिलेली होती. तिचा नवरा मारिन याला जर्मनांनी सक्तीच्या कामावर नेलं होतं आणि ती दोन वर्षांच्या योसला घेऊन सासऱ्यापाशी राहत होती.

लीव्हनने कपाट सरकवलं. मागे भिंतीवर युरोपचा नकाशा होता आणि त्यावर डीनाच्या शिवणाच्या टाचण्या. खुराड्यात दडवलेल्या रेडिओवर रोज बातम्या ऐकायच्या आणि टाचण्या पुढे न्यायच्या, हा त्याचा चार वर्षांचा छंद. जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर टोचलेली टाचणी ऑगस्टात पॅरिसला गेली होती आणि सप्टेंबर उजाडता उजाडता अँटवर्पला. पलीकडे रशियन टाचण्या वॉर्साच्या दाराशी येऊन ठेपल्या होत्या.

"अर्नहेमची टाचणी कुठं गेली रे?" क्राइनने विचारलं. दोस्तांचा तिथला हल्ला नुकताच फसला होता.

"पडली."

"हं. पडलीच म्हणायची."

"टोमणे नकोत," लीव्हन म्हणाला. "हा कागद जर्मनांचा डाव आहे. आपण घरं सोडून पळायचं, म्हणजे यांना आयती घरं, आयती गुरं. अरे, अँटवर्प आपल्या लोकांच्या हातात आहे. एवढं थोरलं बंदर धडधाकट मिळालंय. तिथं जहाजं लागली की बर्लिन लांब नाही."

"मग लागत का नाहीत?"

"नदीचं तोंड जर्मनांकडे आहे म्हणून."

"आणि त्या तोंडात कोण बसलंय?"

लीव्हन अँटवर्पची टाचणी उगाच सरळ करू लागला.

"आपण बसलोय," क्राइन म्हणाला. "आपल्या बांधाच्या पोटात त्यांच्या तोफा आहेत. आणि आपलं बेट म्हणजे बशी. काठ फुटला की आतले जर्मन कमरेइतक्या पाण्यात, ना रस्ता ना दारूगोळा. मी त्या बाजूचा सेनापती असतो ना व्याहीबुवा, तर मीसुद्धा हेच केलं असतं."

"वा! म्हणजे ज्यांची चार वर्षं देवासारखी वाट पाहिली, ते येऊन आपल्याच पोराबाळांना बुडवणार?"

"त्यांनी आधी सांगितलंय. बुडवायच्या आधी कळवतात तेवढे ते सभ्य आहेत."

डीना चिकोरीची कॉफी घेऊन आली. क्राइन तिला म्हणाला, "पोरी, सामान बांध. उद्या उधाणाची भरती आहे. मिडलबर्ग उंचावर आहे, तिथं मावशीकडे जाऊ."

"बाबा, तुम्ही दर ऑक्टोबरला असंच म्हणता," ती हसून म्हणाली.

आणि ते खरं होतं. उधाण आलं की काळजी करणं हे मुकादमाचं कामच होतं. आभाळ जरा काळवंडलं की क्राइन दारोदार फिरून माणसांना उठवायचा आणि बांध दर वेळी टिकायचा. तीस वर्षांत गावाने त्याच्या भीतीवर निर्धास्त झोपायची सवय लावून घेतली होती. त्या संध्याकाळी तो वीसेक घरांत बोलून आला. प्रत्येक घरात त्याला खुर्ची मिळाली, पण उठून सामान बांधणारं कोणी मिळालं नाही.

"सांगितलंस?" घरी आल्यावर मात्येने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"सांगितलं. हसले."

"मग तोंडानं नको सांगूस."

क्राइन तिच्याकडे बघतच राहिला. ती काय म्हणते आहे ते त्याला कळलं होतं, पण बायकोच्या तोंडून ते निघेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्या बेटाचा जुना कायदा होता. ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखता येत नाही, त्याने आपलं फावडं बांधाच्या माथ्यावर रोवायचं आणि चालू लागायचं. जमीन, घर, मान, सगळं तिथंच सोडायचं. सूर्य मावळायच्या आत गावाबाहेर व्हायचं आणि पुन्हा बांधाविषयी तोंड उघडायचं नाही. फावडं जो उपटेल, जमीन त्याची आणि बांधही त्याचा. कचेऱ्यांनी हा कायदा केव्हाच मोडीत काढला होता, पण झाउटडामच्या हाडामांसात तो अजून होता. आणि मुकादमाने फावडं रोवल्याचं तर कोणाच्या आज्यानेही ऐकलं नव्हतं.

"माझा बाप या बांधावर मेला, मात्ये."

"तुझी नात्यागोत्याची माणसं त्याच्याखाली राहतात," ती म्हणाली. "मेलेल्या बापाचं काय घेऊन बसलास?"

सकाळी तो बांधावर चढला. जर्मन पहारेकरी तोफेच्या कोठ्यापाशी भाकरी चावत होता, त्याला एक म्हातारा फावडं घेऊन आलेला दिसला, रोजच्यासारखा. खाली गावाला मात्र दिसलं. क्राइनने फावडं दोन्ही हातांनी उचललं आणि माथ्यावरच्या हिरवळीत पात्यापर्यंत घुसवलं. मग टोपी काढली आणि मागे न बघता उतरला. चाळीस वर्षं ज्या पायऱ्या तो डोळे मिटून उतरत आला होता, तिथं आज त्याला कठड्याचा आधार घ्यावा लागला.

जे तोंडाने झालं नव्हतं ते फावड्याने झालं. कोणी हसलं नाही. एका म्हातारीने मोठ्याने रडायला सुरुवात केली आणि मग दारं उघडू लागली. गाद्या, चीजची चाकं, डुकराची पिल्लं, जे हाताला लागेल ते गाड्यांवर चढलं. नऊ वाजेस्तोवर मिडलबर्गच्या रस्त्यावर रांग लागली. डीनाही आली. योसला तिने हातगाडीत बसवलं होतं आणि भोवती पांघरुणं खोचली होती. तिला बघून क्राइनच्या जिवात जीव आला. मान गेला तर गेला, पोर तर वाचली!

तेवढ्यात वरून हाक आली. सगळ्यांनी मागे पाहिलं. लीव्हन बांधावर उभा होता.

"बघा रे बघा, तुमचा मुकादम!" तो ओरडला. "कागदाच्या चिठोऱ्याला भिऊन पळाला! दोनशे वर्षं हा बांध उभा आहे. कोणाला हवाय?" आणि त्याने फावडं उपटलं.

ही गोष्ट सांगताना मी ती घटका कितीदा डोळ्यांपुढे आणली तरी लीव्हनला नुसता दुष्ट म्हणवत नाही. त्याचाही त्या बांधावर जीव होता. बेवारस बांध बघवत नाही अशाच माणसांच्या पोटी तो जन्मला होता. पण वीस वर्षं मनात धरलेली गोष्ट त्या दिवशी त्याला फुकटात मिळत होती आणि ती घेण्याचा मोह त्याला आवरला नाही हेही तितकंच खरं.

रांगेतून आरोळी उठली. माणसं अशी सुटल्यासारखी हसली, की बघवेना. बांधाला धनी मिळाला होता! कायदा तोच, आणि तोच आता उलट बोलत होता. गाड्या वळू लागल्या. सगळ्या नाही, पण निम्म्याच्या वर वळल्या.

लीव्हन रस्त्यावर आला आणि डीनाच्या हातगाडीपुढे उभा राहिला. "सूनबाई, आजपासून तू मुकादमाच्या घरची. आपणच निघालो तर गाव कशाच्या भरवशावर राहील? आणि मारिन आला तर कुठं शोधील तुला?"

डीनाने बापाकडे पाहिलं. क्राइनने तोंड उघडलं आणि मिटलं. फावडं रोवलेल्या माणसाला बांधाविषयी बोलायची मुभा नव्हती. तो एवढंच म्हणाला, "योसला तरी दे."

"संध्याकाळी आणून सोडते बाबा," डीना म्हणाली. "एवढं काय? आत्ताच तर त्याला घासभर भरवायचंय."

"डीना, ऐक जरा," मात्ये म्हणाली.

"आई, सासऱ्यांना चारचौघांत तोंडघशी पाडू का मी? संध्याकाळी येतेच."

तिने हातगाडी वळवली. तिचा दंड धरून तिला ओढत न्यायला क्राइनला दोन पावलं पुरली असती. पण चारचौघांत, दुसऱ्याच्या सुनेवर हात कसा टाकायचा? तो तिथंच उभा राहिला, हातातली टोपी चुरगाळत.

विमानं दुपारच्या जेवणानंतर आली. क्राइन आणि मात्ये तेव्हा मिडलबर्गच्या अलीकडे एका गोठ्यापाशी टेकले होते. पायाखालची जमीन हलली आणि थांबलीच नाही. एक लाट गेली की दुसरी, तिच्यामागे तिसरी. पश्चिमेला मातीचा काळा पडदा उभा राहिला. मध्येच तो खाली बसला आणि त्याच्यामागे क्राइनला तो आवाज ऐकू आला. सगळ्या आयुष्यात त्याने तो कधी ऐकला नव्हता, तरी त्याला तो ओळखायला वेळ लागला नाही. उधाणाची भरती आत येत होती.

तो धावत परत निघाला. कमरेइतक्या पाण्यात अडला, तिथून कोणाची तरी नाव मिळाली. गाव शोधावं लागलं. बांधाला भगदाड पडलं होतं आणि ओहोटीपर्यंत कोणाला त्याच्याजवळ जाता येईना.

लीव्हनने बाँबपासून जपायला म्हणून सूननातवाला आणि शेजारच्या बायकापोरांना पवनचक्कीच्या तळघरात बसवलं होतं. गावातली सगळ्यात मजबूत जागा ती. बाँबने चक्की कोसळली, तुळया दारावर पडल्या आणि मग पाणी आलं. बाहेरच्या माणसांनी कुऱ्हाडी चालवल्या. आतून हाका येत होत्या तोवर चालवल्या आणि हाका थांबल्यावरही. लीव्हन स्वतः बांधावर आपल्या जागी उभा होता. धमाक्याने त्याला उचलून शेतात फेकलं. तो वाचला, पण त्याचे कान कायमचे गेले.

नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी त्याच भगदाडातून दोस्तांच्या नावा आत शिरल्या. आठवड्याभरात बेट मोकळं झालं आणि महिना सरता सरता अँटवर्पला जहाजं लागली. किनाऱ्यावरून ती ओळीने जाताना दिसत. युद्धाचं पारडं फिरवणारी मोहीम म्हणून पुढे तिचे गोडवे गायले गेले आणि ते खोटं होतं असं झाउटडामचा माणूस म्हणणार नाही. तो फक्त त्या वेळी खोलीतून उठून जातो.

मारिन परतला तो पुढच्या जूनमध्ये, युद्ध संपल्यावर. भरतीचं पाणी अजून दिवसातून दोनदा बेटात येत होतं. जर्मनीहून चालत, ट्रकला लटकत तो आला आणि मिडलबर्गला त्याला कोणीतरी एवढंच सांगितलं की तुझी बायको आणि पोर तळघरात गेली. तो मावशीच्या घरी आला. एका खोलीत क्राइन आणि मात्ये राहत होते आणि कोपऱ्यात लीव्हन. त्याला दुसरं कोणी ठेवून घेत नव्हतं, मात्येनेच त्याला आणलं होतं. त्याच्याशी ती एक शब्द बोलत नसे, पण ताट वाढत असे.

मारिन दारातच उभा राहिला. हाडांचा सापळा झाला होता.

"पत्रकं पडली होती म्हणे," तो म्हणाला. "आदल्या दिवशी. मग ती निघाली का नाही? कोणी थांबवलं तिला?"

लीव्हनला काही ऐकू येत नव्हतं. तो मुलाच्या तोंडाकडे बघत होता, मग क्राइनच्या. एवढा थोराड गडी, पण आईच्या हातातल्या छडीकडे बघणाऱ्या मुलासारखा बघत होता.

क्राइन उठला. "मुकादम मी होतो," तो म्हणाला. "मी निघालो आणि ती मागे राहिली. मी तिला नेलं नाही."

मारिनने त्याच्या तोंडावर बुक्की मारली. म्हातारा भिंतीवर आदळला. मग मारिन बापापाशी गेला, त्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. लीव्हन त्याच्या पाठीवर हात फिरवत मोठमोठ्याने विचारत राहिला, "काय म्हणाला तो? क्राइन काय म्हणाला?"

मात्येने क्राइनला बाहेर पडवीत आणलं. "उद्या कोणीतरी त्याला खरं सांगेलच," ती म्हणाली.

"सांगू दे. आजची रात्र तरी बापापाशी काढू दे त्याला. दोन वर्षांनी घरी आलाय."

"आणि आपण?"

मात्येने एप्रनचं टोक ओलं करून त्याच्या फुटलेल्या ओठावर धरलं, आणि मग तिला स्वतःलाच रडू आवरेना.