कपाटातला वॉल्ट्झ

नेलाने गुडघ्याने कपाटाचं दार लोटलं, सोफ्यावरची चादर ओढून सारखी केली आणि नातीला दटावलं, "टेसेल, पाय खाली. नीट बस."

दारावरची घंटा दुसऱ्यांदा वाजली. बोस्टेलार मंगळवारी यायचे होते. ते चर्चच्या मंडळीतले 'वडील', म्हणजे पंचासारखे; वर्षातून एकदा घरोघर जाऊन कोणाचा आत्मा कसा आहे याची चौकशी करणं हे त्यांचं काम. आज तर शनिवार होता. पण त्यांनी खिडकीतून नेलाला पाहून हातही हलवला होता, तेव्हा घरात नसल्याचं सोंग आता चालणार नव्हतं. बरं एवढंच, की कपाट खिडकीच्याच भिंतीला होतं आणि रस्त्यावरून दिसत नव्हतं.

बोस्टेलार एकटेच आले होते. एरवी अशा भेटीला दोघे वडील येतात, पण दुसरा सर्दीने झोपला होता. त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, कॉफी घेतली, एकच बिस्किट उचललं.

"प्रार्थना नेमाने होते ना, नेलाबाई?"

"होते की."

आणि नेमकं तेव्हाच कपाटात व्हायोलिन वाजू लागलं.

गडबडीत कपाटातला टीव्ही बंद करायचा राहिला होता. सिनेमातली शिंपीण मघापासून गुपचूप कप्तानाचं पत्र वाचत होती, म्हणून घर शांत होतं. आता पत्र वाचून संपलं होतं आणि दोघं नाचायला लागली होती.

"तुमचं कपाट गातंय," बोस्टेलार म्हणाले. हसले मात्र नाहीत.

आमच्या मंडळीत सिनेमा चालत नाही. नेलाचा नवरा होता तोवर त्या घरात रेडिओसुद्धा नव्हता. तो गेल्यावर दुसऱ्या वर्षी तिने मिडलबर्ग शहरातून टीव्ही आणला, खोक्यावर बटाट्यांचं पोतं टाकून. तेव्हापासून नऊ वर्षं शनिवारी जुने सिनेमे आणि रविवारी दोन वेळा उपासना, असं तिचं चाललं होतं. दोन्हींची गाठ तिने कधी पडू दिली नव्हती. शनिवार-रविवार नात राहायला येऊ लागली तशी नेला सोमवारपासूनच शनिवारची वाट बघायची.

"पोरीचं आहे ते," नेला म्हणाली. "डीनाने आणून ठेवलंय तिच्यासाठी. मी कुठली बघते! मी आपली आत विणत बसते."

किती सहज आलं ते तोंडातून. तिचं तिलाच कळलं नाही. तिने टेसेलकडे बघायचं टाळलं.

डीना, म्हणजे नेलाची मुलगी, मंडळी सोडून शहरात गेलेली. त्यामुळे बोस्टेलारांना हे पटायला वेळ लागला नाही.

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," ते म्हणाले आणि टेसेलकडे वळले. "बाळ, असलं काही आजीच्या घरात आणू नये."

टेसेल बारा वर्षांची होती. पाच मिनिटांपूर्वी ती आणि आजी मिळून कप्तानाला नावं ठेवत होत्या. तिने आजीकडे बघितलं, मग स्वतःच्या मोज्यांकडे.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पुन्हा नाही आणणार."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं तशी नेलाने पेपरमिंटची गोळी नातीच्या हातात सरकवली. आमच्याकडे प्रवचन मिनिटांत मोजत नाहीत. ते तीन गोळ्यांचं असतं. एरवी टेसेल गोळी गालात धरून आजीला फुगलेला गाल दाखवायची. आज तिने ती मुठीत ठेवली. दुसरी दिली, तीही मुठीत गेली.

उपासना सुटल्यावर आवारात बोस्टेलारांनी चारचौघांसमोर टेसेलच्या डोक्यावर हात ठेवला.

"काय, कपाट रिकामं झालं का?"

"हो," टेसेल म्हणाली.

"डीनाचीच ना गं ही?" मागून कोणीतरी बाई म्हणाली. "तरीच."

खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. नेला हातमोज्याचं बटण लावत राहिली. ते केव्हाच लावलेलं होतं.

म्हातारपणी माणसाला लाज उरत नाही म्हणतात. साफ खोटं आहे. त्या आठवड्यात नेलाला भांडी घासताना लाज वाटली, अंथरुणात वाटली, जेवणाआधी हात जोडताना तर इतकी वाटली की पुढचे शब्द सुचेनात. गुरुवारी डीनाचा फोन आला.

"आई, शनिवारी येऊ दे ना तिला? तुला त्रास होत नाही ना तिचा?"

म्हणजे पोरीने घरी काहीच सांगितलं नव्हतं. नेलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी टेसेल आली. दोघींनी वाटाण्याचं सूप घेतलं. नेलाने माफीचं वाक्य तयार ठेवलं होतं, पण वाडग्यात चमचा फिरवण्यापलीकडे तिच्याने काही झालं नाही. साडेचारला अंधारून आलं. टेसेलने आपणच कपाट उघडलं, सिनेमा लावला, कोट घालून बाहेर गेली आणि लगेच परत आली. मग तिने खिडकीचे पडदे ओढले.

आमच्या गल्लीत कोणी पडदे ओढत नाही. पडदा ओढला की आत काहीतरी लपवायचं आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"पडदे कशाला गं?"

"बाहेरून निळा उजेड दिसतो. आत्ताच बघून आले." टेसेल आजीच्या शेजारी येऊन बसली, पाय वर घेऊन. "आणि कोणी आलंच ना आजी, तर माझंच म्हण. मला चालतं. मला काय, इथे रोज थोडंच राहायचंय."

ती रागाने बोलत नव्हती. आजीची सोय बघत होती.

टीव्हीवर कोणीतरी जिन्यावरून धावत खाली येत होतं. कोण, ते नेलाला दिसेना. मग ती सोफ्याच्या हाताला धरून उठली, खिडकीशी गेली आणि पडदे दोन्ही बाजूंना पार टोकापर्यंत सारले.

पाच वाजत आले होते. शनिवारी या वेळी बोस्टेलार रविवारच्या स्तोत्रांचे आकडे फळ्यावर लावायला चर्चकडे निघतात. सायकलचा दिवा कोपऱ्यावर वळला. नेलाने काचेवर अंगठीने टकटक केलं, एकदा, मग जोराने. सायकल थांबली.

"आजी, ते बघतायत!" टेसेल रिमोट शोधू लागली. "थांब, बंद करते."

केस सारखे करायला वर गेलेला हात नेलाने तसाच खाली घेतला.

"कपाट उघडंच राहू दे," ती म्हणाली, "आणि आवाज कमी करू नकोस." आणि ती दार उघडायला गेली.